गुणपत्रिकेमागचा बाजार

२०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी डिसेंबर महिन्याच्या पहिल्या रविवारी देशभरातील हजारो मुलामुलींनी राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा दिली. दोन तास, १२० प्रश्न, बरोबर उत्तरास एक गुण आणि चुकीच्या उत्तरास पाव गुणाची वजावट, असे ‘क्लॅट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या परीक्षेचे आजचे स्वरूप आहे. या दोन तासांची चर्चा वर्तमानपत्रे करतात, न्यायालयेही करतात. परंतु त्या दोन तासांच्या आधी सहा महिने, वर्षभर, कित्येकदा दोन वर्षे जी दुसरी परीक्षा चाललेली असते तिच्याविषयी कोणी बोलत नाही. ही दुसरी परीक्षा म्हणजे सराव परीक्षा. ती खाजगी क्लास घेतो, तोच तिची प्रश्नपत्रिका काढतो, तोच उत्तरे ठरवतो, गुणही तोच देतो आणि त्या गुणांचा अर्थ काय हे सांगण्याचे पैसेही तोच घेतो. कोणत्या मुलाने वकिलीचे स्वप्न पुढे चालवावे आणि कोणी ते गुंडाळून ठेवावे, याचा निर्णय पुष्कळदा डिसेंबरातील त्या रविवारी होत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, एखाद्या सराव परीक्षेच्या निकालाच्या कागदावर होऊन गेलेला असतो.

या कागदावरील आकडा कशाचे मोजमाप करतो, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटेल. श्रमिकांच्या चळवळीच्या साप्ताहिकात त्याला जागा कशासाठी, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. न्यायाचा व्यवहार ज्यांच्या हाती जाणार, त्यांची निवड ज्या दारातून होते त्या दारावरचा तराजू खरा की खोटा, हा प्रश्न राजकीय आहे. वजनमापाच्या लबाडीविरुद्ध ग्राहकाने आणि शेतकऱ्याने जो लढा दिला, त्याच जातीचा हा लढा आहे. फरक इतकाच की येथे काट्यावर धान्याऐवजी माणसाची मुले चढतात.

आकड्याला एकक नसते तेव्हा

प्रथम मूळ परीक्षेचा विचार करावा. बंगलोरचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ १९८७ साली स्थापन झाले. त्यानंतर निघालेल्या अशा विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा वेगवेगळ्या असत. २००६ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या जनहित याचिकेनंतर चक्रे फिरली आणि २००८ साली पहिली सामायिक परीक्षा झाली. पुढे विद्यापीठांचा एक संघ बनला आणि २०१९ पासून परीक्षेची सूत्रे त्याच्याकडे गेली. २०२० साली उताऱ्यावर आधारित १५० प्रश्नांची पद्धत आली आणि डिसेंबर २०२३ च्या परीक्षेपासून प्रश्नांची संख्या १२० झाली. या परीक्षेत सर्व उमेदवार एकाच दिवशी एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. म्हणून ती अवघड असो वा सोपी, त्यांचा आपसातील क्रम लावता येतो. ९० गुण हा आकडा स्वतः काही सांगत नाही. ९० गुण मिळवणाऱ्याच्या पुढे किती जण आहेत, हेच काय ते सांगता येते.

सराव परीक्षेत नेमका हाच आधार नाहीसा होतो. क्लासवाल्याची प्रश्नपत्रिका मूळ परीक्षेपेक्षा अवघड की सोपी, हे कोणी मोजलेले नसते. तिच्यातील ९० गुण म्हणजे डिसेंबरातील ९० गुण नव्हेत, आणि ते ८० की १०० हे सांगणारा कोणताही तक्ता अस्तित्वात नसतो. तरीही विद्यार्थी मागच्या वर्षीच्या प्रवेशाच्या गुणांशी तो आकडा ताडून पाहतो आणि त्यावरून हर्ष किंवा विषाद भोगतो. एका दुकानातील शेर आणि दुसऱ्या दुकानातील शेर वेगळा असावा आणि गिऱ्हाइकाने दोन्हींची बेरीज करीत बसावे, तसला हा प्रकार आहे.

याला उपाय नाही असे नव्हे. अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी १९४८ पासून ‘एलसॅट’ ही परीक्षा घेतली जाते. तिचे गुण १९९१ पासून १२० ते १८० या पट्टीवर दिले जातात. बरोबर उत्तरांची संख्या आणि पट्टीवरील गुण यांची सांगड प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार वेगळी घातली जाते, जेणेकरून एका दिवशीचे १६० आणि दुसऱ्या दिवशीचे १६० यांचा अर्थ शक्यतो एकच राहावा. तेथे चुकीच्या उत्तराला वजावट नाही. सरावासाठी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच जुन्या, प्रत्यक्ष वापरलेल्या प्रश्नपत्रिका रूपांतराच्या तक्त्यासह मिळतात. अमेरिकेतील शिक्षणाचा बाजार काही आदर्श नाही. तेथे शिकवण्यांचा धंदा मोठा आहे आणि विधी शिक्षणाचे शुल्क सामान्य माणसाला कर्जात बुडवणारे आहे. तथापि भांडवलशाहीच्या त्या माहेरघरातही मोजपट्टीची जबाबदारी परीक्षा घेणाऱ्या संस्थेने उचलली आहे. येथे मात्र मोजपट्टीच खाजगी दुकानात ठेवलेली आहे.

शिवाय मोजपट्टी बरोबर असली तरी प्रत्येक मोजमापात काही चूक राहतेच. समान काठिण्याच्या दोन प्रश्नपत्रिका एकाच मुलीने आठवड्याच्या अंतराने सोडवल्या, तर तिच्या तयारीत तसूभर फरक न पडताही बरोबर उत्तरांच्या संख्येत चार-पाचांचा फरक सहज पडू शकतो. कोणता उतारा आला, कोणता अंदाज लागला, यावर ते अवलंबून असते. हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवले जाते. परंतु क्लासच्या भिंतीवर लागणारी आलेखाची रेषा या आठवड्यात तीन गुणांनी खाली आली की पालकांना बोलावणे जाते आणि ‘विशेष वर्गा’चे शुल्क सांगितले जाते. योगायोगाचे रूपांतर रोगनिदानात करून औषध विकण्याची ही युक्ती जुनीच आहे.

क्रमांक कोणामध्ये?

गुणांचे एकक नाही हे ज्यांना कळते, त्यांच्यासाठी दुसरा आकडा तयार असतो. ‘अखिल भारतीय क्रमांक’ आणि ‘पर्सेंटाइल’ ही त्याची नावे. शंभरातील किती जण आपल्या मागे आहेत, हे पर्सेंटाइल सांगते. परंतु शंभर म्हणजे कोण, हे कोण सांगणार?

एक साधे गणित करावे. समजा, एका सराव परीक्षेस २,००० मुले बसली आणि एका मुलीचा क्रमांक १०० वा आला. तिच्या मागे १,९०० जण, म्हणजे ९५ पर्सेंटाइल. आता असे समजावे की या दोन हजारांतील ८०० जणांनी फुकट मिळते म्हणून नाव नोंदवले होते आणि दहा प्रश्न पाहून ती सोडून दिली होती. त्यांना वगळले तर उरतात १,२०० आणि त्याच मुलीचे पर्सेंटाइल येते सुमारे ९१.७. मुलगी तीच, तिची उत्तरे तीच, तिचा क्रमांकही तोच. बदलला तो केवळ छेद. हा छेद कोणता धरायचा, हे आकडा विकणारा ठरवतो आणि तो जाहीर करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. उलट बाजूने, एखाद्या महागड्या क्लासात केवळ निवडक मुले असतील, तर तेथे निम्म्यात राहिलेला मुलगाही प्रत्यक्ष परीक्षेत पुष्कळ पुढे असू शकतो. परंतु त्याला ते कळण्याचा मार्ग नसतो. म्हणजे हा आकडा नेहमी फुगवलेला असतो असे नाही, आणि नेहमी दाबलेला असतो असेही नाही. त्याची चूक कोणत्या दिशेची आहे हेच विकत घेणाऱ्याला कळत नाही, हा त्याचा खरा दोष आहे. ‘अखिल भारतीय’ या शब्दांत भारत नसतो. त्या दुकानाची गिऱ्हाइके तेवढी असतात.

१९७० साली जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल तर बाजार निकोप राहू शकत नाही. जुनी मोटार घेणाऱ्याला निदान महिनाभरात इंजिनाची खोड समजते. सराव परीक्षेच्या गिऱ्हाइकाला ती डिसेंबरात समजते, तेव्हा वर्ष गेलेले असते, आणि दुसऱ्यांदा त्याच मालाची खरेदी करण्याचा प्रसंग बहुतेकांवर येत नाही. फसलेले गिऱ्हाईक परत येत नाही. त्याच्या जागी पुढच्या वर्षीचे नवे, अननुभवी गिऱ्हाईक येते. अशा बाजारात स्पर्धेमुळे दर्जा सुधारेल ही अपेक्षा अर्थशास्त्राच्या कोणत्याही शहाण्या विद्यार्थ्याने बाळगू नये.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूत्रे काढली. यशस्वी मुलांची छायाचित्रे त्यांच्या संमतीशिवाय छापणे, निवडीच्या खोट्या हमी देणे, अशा गोष्टींना त्यांनी आळा घातला. हे स्वागतार्ह आहे. परंतु या सूत्रांचा रोख जाहिरातीवर आहे, मोजमापावर नाही. दुकानाची पाटी तपासली गेली, काटा तपासण्याचे काम राहिले.

पाव गुणाची भीती

तिसरा प्रकार सर्वांत सूक्ष्म आहे आणि त्याचा आघात पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांवर सर्वांत जास्त होतो. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, म्हणून खात्री नसलेल्या प्रश्नाला हात लावू नये, असा उपदेश गावोगावचे मास्तर मुलांना करतात. उपदेश सद्हेतूचा आहे, पण गणिताने चुकीचा आहे.

प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. डोळे मिटून उत्तर दिले तर सरासरीने चारांत एक बरोबर येईल. म्हणजे चार प्रश्नांत एक गुण मिळेल आणि तीन पाव, म्हणजे पाऊण गुण जाईल. शिल्लक राहते पाव गुणाची, तीही नफ्याची. वजावट पाव गुणाऐवजी एक तृतीयांश असती, अथवा पर्याय चाराऐवजी पाच असते, तर अंदाजाने नफाही झाला नसता आणि तोटाही. आजच्या नियमात मात्र अंधळा अंदाजसुद्धा तोट्याचा नाही, आणि चारांपैकी दोन पर्याय निश्चित चुकीचे आहेत एवढे जरी ओळखता आले, तरी प्रत्येक प्रश्नामागे सरासरीने ०.३७५ गुणांचा लाभ आहे.

दोन विद्यार्थ्यांची कल्पना करावी. दोघांचे ज्ञान अगदी सारखे. दोघांनाही ७२ प्रश्नांची उत्तरे निश्चित येतात. २४ प्रश्नांत दोन पर्याय खोडता येतात. उरलेल्या २४ प्रश्नांचा काहीच पत्ता लागत नाही. पहिला मास्तरांचा आज्ञाधारक शिष्य. तो ४८ प्रश्न कोरे सोडतो आणि ७२ गुण मिळवतो. दुसऱ्याला नियमाचे मर्म ठाऊक आहे. पहिल्या २४ पैकी त्याची सरासरीने १२ उत्तरे बरोबर येतात, १२ चुकतात. लाभ ९ गुणांचा. पुढच्या २४ पैकी ६ बरोबर, १८ चूक. लाभ दीड गुणाचा. त्याची बेरीज होते ८२.५. ज्ञान समान, अंतर साडेदहा गुणांचे. आणि जेथे अर्ध्या-पाऊण गुणावर शेकडोंचे क्रमांक मागेपुढे होतात, तेथे साडेदहा गुण म्हणजे एका जगातून दुसऱ्या जगात जाणे होय. एखाद्या विशिष्ट दिवशी नशीब याहून बरे किंवा वाईट असू शकेल हे खरे, आणि वेळ संपत आलेला असताना कोणता प्रश्न आधी घ्यावा याचे तारतम्यही हवे. परंतु दूरच्या पल्ल्याचा हिशेब हाच आहे.

आता सराव परीक्षेची गुणपत्रिका या दोघांना काय सांगते ते पाहावे. तीत बहुधा ‘अचूकता’ नावाचा एक रकाना असतो: सोडवलेल्या प्रश्नांपैकी किती टक्के बरोबर आले. पहिल्याची अचूकता १०० टक्के. दुसऱ्याची १२० पैकी ९०, म्हणजे ७५ टक्के. ज्याला साडेदहा गुण कमी मिळाले त्याची पाठ थोपटली जाते आणि ज्याला जास्त मिळाले त्याला ‘बेफिकिरी टाळा’ असा शेरा मिळतो! ज्याच्याजवळ हा शेरा वाचून दाखवणारा वकील बाप किंवा पंचवीस-पन्नास हजारांचा मार्गदर्शक आहे, त्याला खरा हिशेब समजतो. ज्याच्याजवळ तो नाही, तो शेऱ्यावर विश्वास ठेवतो आणि अधिकाधिक प्रश्न सोडून देण्याचा सराव करतो. चूक करण्याची भीती हा गरिबाच्या घरचा वारसा असतो. त्या भीतीलाच येथे शिस्तीचे नाव मिळते.

याचे दुष्परिणाम क्लॅटपुरते राहत नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे राज्यातील विधी महाविद्यालयांसाठी जी परीक्षा घेतली जाते, तीत चुकीच्या उत्तराला मुळीच वजावट नाही. तेथे प्रश्न कोरा सोडणे म्हणजे हातचे टाकून देणे. वरील दोघांनी तशाच १२० प्रश्नांची प्रश्नपत्रिका या नियमाने सोडवली असती, तर पहिल्याला ७२ आणि दुसऱ्याला ९० गुण मिळाले असते. परंतु पाव गुणाच्या वजावटीने गुण देणाऱ्या सराव परीक्षांवर वाढलेला विद्यार्थी तीच सवय घेऊन राज्याच्या परीक्षेला बसतो आणि आपण मागे का पडलो हे त्याला कधीच समजत नाही.

उत्तरसूचीचा धनी कोण?

आता उत्तरसूचीकडे वळावे. १ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या क्लॅटच्या काही उत्तरांवर आक्षेप आले. २० डिसेंबर २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने दोन उत्तरे सदोष ठरवली. प्रकरण खंडपीठापुढे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांच्या संघाच्या प्रश्न काढण्याच्या बेफिकीर पद्धतीबद्दल खेद व्यक्त केला. पदवीच्या प्रवेशांचे घोंगडे तोवर पाच महिने भिजत पडले. प्रत्येक आक्षेपामागे १,००० रुपये भरावे लागत, हेही विसरता कामा नये. चुकीविरुद्ध दाद मागण्याचा हक्कसुद्धा ऐपतीनुसार!

तरीही येथे निदान दाद मागता आली. परीक्षा सार्वजनिक होती, उत्तरसूची जाहीर होती, न्यायालयाचे दार उघडे होते. विद्यापीठांतील विधिज्ञांनी काढलेल्या प्रश्नांची ही गत, तर घाईघाईने तयार होणाऱ्या, आठवड्याला एक या वेगाने बाजारात येणाऱ्या सराव प्रश्नपत्रिकांच्या उत्तरसूचीत किती चुका असतील? त्यांच्याविरुद्ध आक्षेप कोठे नोंदवायचा? ज्या मुलाने योग्य विचार करून योग्य उत्तर दिले, त्याला ते चुकले असे सांगितले जाते. तो आपली विचारपद्धती बदलतो. येथे केवळ गुण जात नाहीत, बुद्धीवरील विश्वास जातो.

एक खोटे उत्तर आणि एक चुकीचे उत्तर

या टीकेवर बाजारवाद्यांचे उत्तर ठरलेले आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. ज्याला हवे तो घेतो. स्वस्त, किंबहुना फुकट सराव परीक्षाही उपलब्ध आहेत. हे उत्तर खोटे आहे. ज्या परीक्षेला पर्याय नाही, तिच्या तयारीची निवड मोकळी नसते. २०२५ च्या क्लॅटसाठी नुसत्या अर्जाचे शुल्क सर्वसाधारण उमेदवारास ४,००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील उमेदवारास ३,५०० रुपये होते. म्हणजे दारिद्र्याची राष्ट्रीय किंमत पाचशे रुपये ठरली! ज्या घराने एवढी रक्कम उसनवारीने भरली, ते घर मुलाचा सराव चुकू नये म्हणून आणखी काही तरी विकते. फुकट मिळणाऱ्या सराव परीक्षेचे मोल विद्यार्थी आपल्या नावानिशी, दूरध्वनी क्रमांकानिशी चुकवतो. ती परीक्षा नसते, गिऱ्हाईक गोळा करण्याचे जाळे असते.

परंतु दुसरे एक उत्तर चळवळीच्या आतूनच येते आणि त्याचाही समाचार घेतला पाहिजे. ते असे की, स्पर्धा परीक्षा हेच मुळी वर्गीय वर्चस्वाचे हत्यार आहे. मग तिचा सराव सुधारण्याच्या भानगडीत समाजवाद्यांनी पडावेच कशाला? हा युक्तिवाद ऐकायला जहाल आहे, परिणामाने मात्र स्थितिवादी आहे. परीक्षा नव्हती तेव्हा प्रवेश समतेने होत नसत. ते ओळखीने, देणगीने आणि कुळाने होत असत. जाहीर नियम, निनावी उत्तरपत्रिका आणि उघड क्रमवारी या लोकशाहीच्या कमाया आहेत. परीक्षेचा निषेध करून घरी बसणाऱ्या कार्यकर्त्याचा मुलगा गुपचूप क्लासला जातो आणि वस्तीतल्या मुलीच्या वाट्याला निषेध तेवढा येतो. हत्यार शत्रूच्या हाती आहे म्हणून ते निकामी ठरत नाही. ते कसे चालते हे शिकून घ्यावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ ते १९३८ या काळात मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. कायद्याचे शिक्षण प्रस्थापितांसाठी सोडून द्यावे असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही.

भाषेचा प्रश्न याच संदर्भात पाहिला पाहिजे. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. जमिनीचा वाद, पोटगीचा अर्ज, कुळाचा दावा, जामिनाची सुनावणी यांत ज्या माणसाचे भवितव्य ठरते, तो मराठीत बोलतो. परंतु मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील तिन्ही महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या दाराशी असलेली क्लॅट ही परीक्षा केवळ इंग्रजीत होते. ती भारतीय भाषांतही घ्यावी यासाठी २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली आणि बार कौन्सिल ऑफ इंडियानेही भारतीय भाषांच्या बाजूने मत दिले. संघाने अडचणी सांगितल्या. उताऱ्यावर आधारित परीक्षेत इंग्रजी वाचनाचा वेग हा एका विभागापुरता राहत नाही, तो पाचही विभागांवर राज्य करतो. सराव परीक्षेची गुणपत्रिका या वेगाच्या अभावाला ‘तर्कशक्ती कमी’ असे नाव देते. मुलीची तर्कशक्ती शाबूत असते. तिला उतारा वाचायला दुप्पट वेळ लागतो, एवढेच. निदान चुकले की उपचारही चुकतो. तर्काच्या जादा वर्गासाठी पैसे मोजले जातात आणि वाचनाची उणीव जेथल्या तेथे राहते.

काय करावे

राज्यघटनेत १९७६ साली समाविष्ट झालेले ३९-अ हे कलम सांगते की, आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणी न्यायाला वंचित होऊ नये यासाठी शासनाने मोफत विधी साहाय्य द्यावे. हे साहाय्य देणारे वकील कोठून येणार, हा प्रश्न त्या कलमाच्या पोटातच आहे. म्हणून पुढील मागण्या भिक्षेच्या नाहीत, हक्काच्या आहेत.

पहिली मागणी, विद्यापीठांच्या संघाने दरवर्षीच्या प्रश्नपत्रिकेबरोबर किती गुणांना कोणता क्रमांक मिळाला याचा संपूर्ण तक्ता नियमाने प्रसिद्ध करावा, म्हणजे जुनी प्रश्नपत्रिका घरी सोडवणाऱ्याला आपली जागा कोणाला न विचारता समजेल. दुसरी, पूर्ण लांबीच्या पुरेशा सराव परीक्षा संघाने आणि राज्याच्या परीक्षा कक्षाने स्वतः, मोफत आणि अर्जाचे शुल्क भरण्याआधीच उपलब्ध कराव्यात. राज्याच्या परीक्षेसाठी त्या मराठीतही असाव्यात. तिसरी, जो कोणी सराव परीक्षेचा क्रमांक किंवा पर्सेंटाइल विकतो, त्याने किती जण बसले, किती जणांनी प्रश्नपत्रिका पूर्ण सोडवली आणि सरासरी किती आली, हे त्याच कागदावर छापणे बंधनकारक करावे. पाकिटावर वजन छापण्याची सक्ती बिस्किटाला आहे, ती गुणांना का नसावी? चौथी, आक्षेपाचे शुल्क रद्द करावे.

मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची सार्वजनिक आहेत. एक खोली, एक घड्याळ आणि रविवारची सकाळ एवढ्या सामग्रीवर प्रत्येक तालुक्याच्या गावी सराव केंद्र चालू शकते. तेथे गुण देण्याची पद्धत मात्र बाजाराची नसावी. विद्यार्थ्याने प्रत्येक उत्तरापुढे खूण करावी: खात्रीचे, दोन पर्याय खोडून दिलेले, की निव्वळ अंदाजाचे. मग तिन्ही गटांची बेरीज वेगवेगळी मांडावी. खात्रीच्या गटातील चुका म्हणजे अभ्यासातील गैरसमज. त्या आधी दुरुस्त कराव्यात. दुसऱ्या गटात निम्म्याहून अधिक उत्तरे बरोबर येत असतील, तर ती मुलगी स्वतःला वाटते त्याहून अधिक जाणते हे तिला सांगावे. कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांची संख्या दर आठवड्याला फळ्यावर लिहावी आणि ती का राहिली याची चर्चा करावी: वेळ संपला, उतारा कळला नाही, की भीती वाटली? तीच प्रश्नपत्रिका एकदा घड्याळ लावून आणि एकदा न लावता सोडवून घ्यावी. दोन बेरजांतील अंतर हे वाचनाच्या वेगाचे माप आहे, बुद्धीचे नव्हे. एका परीक्षेवरून कोणाचेही भविष्य सांगू नये. चार-पाच परीक्षांची सरासरी पाहावी. या कामाला पदवीधर कार्यकर्ता आणि पाटीपेन्सिलीचे अंकगणित पुरते.

ज्यांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर उसाच्या बैलगाड्या उभ्या करून काटा तपासण्याचा आग्रह धरला, त्यांच्या वारसांना हे काम परके वाटू नये. काटा खोटा असेल तर शेतकऱ्याने ऊस लावणे सोडायचे नसते. काट्याची तपासणी मागायची असते, आणि तोवर घरचे वजन करून न्यायचे असते. वकिलीच्या वाटेवर उभ्या असलेल्या मजुराच्या मुलीला आज कोणी तरी एक आकडा हातात देऊन परत पाठवत आहे. तो आकडा कोणी, कशाने आणि कोणाच्या लाभासाठी मोजला, हे विचारण्याची हिंमत तिला देणे हे पुढच्या डिसेंबरापूर्वीचे काम आहे.